दारातली बॅटरी

आज मी कवितेवर बोलणार नाही. विषय तुम्हीच निवडा असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी माझ्या जुन्या विजेच्या दुचाकीची बॅटरी हा विषय निवडला. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं व्होल्ट आणि अँपिअरवर बोलावं का, हे तुम्ही ऐकून ठरवा. यातल्या काही गोष्टी मला शोभणाऱ्या नाहीत. त्या सांगायला मी बायकोची परवानगी घेतली. "सांगणार असाल तर सगळं सांगा, अर्धं नको," एवढीच तिची अट होती.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या बाजूला राहतो. घाटकोपरच्या नावातच घाट आहे आणि तो पश्चिमेला राहणाऱ्यांच्या गुडघ्यांना रोज जाणवतो. बायको विक्रोळी पार्कसाइटच्या एका शाळेत शिकवते, तीही चढावर. एवढ्याशा अंतराला रिक्षावाले मान हलवून निघून जातात. म्हणून २०१६ साली आम्ही बॅटरीची गाडी घेतली. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, २५० वॉटच्या आतल्या मोटरची. अशा गाडीला नंबरप्लेट लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. माझ्याकडे परवाना कधीच नव्हता. तरुणपणी लूना घ्यायची फार इच्छा होती. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकनं आणलेल्या त्या लूनावर आमच्या पिढीचा जीव होता. ते राहून गेलं. आता २०२४ पासून लूनासुद्धा विजेवर चालते, असो.

आमच्या गाडीत पायाखालच्या फळीखाली चार बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या आहेत. प्रत्येक १२ व्होल्टची, मिळून ४८. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं सल्फ्यूरिक आम्ल. ही रीत गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शोधून काढली, म्हणजे आपल्याकडच्या १८५७ च्या उठावानंतर दोनच वर्षांनी. इतकी जुनी गोष्ट अजून चालते, याचं मला कौतुक वाटायचं. पण ही बॅटरी मानी असते. तिला अर्धपोटी ठेवलं की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती पूर्वीइतकी वीज धरत नाही. आमचा पहिला संच तीन वर्षं चालला. दुसरा २०२० च्या टाळेबंदीत गेला. गाडी खाली उभी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर बंद. चार महिने मी चार्जर लावला नाही, कारण जायचं कुठे होतं? तिसरा संच २०२१ मध्ये घेतला.

चार्जिंगची सोय अशी होती की आमच्या खिडकीतून एक लांब वायर खाली सोडायची. वर्षानुवर्षं ती तशी लोंबकळत होती. मग एका पावसाळ्यात सोसायटीनं नोटीस लावली की खिडक्यांतून वायरी सोडू नयेत, पावसात धोका आहे. ती नोटीस मीच लिहून दिली होती. आमच्या इमारतीत मराठीत काही लिहायचं असलं की सेक्रेटरी माझ्याकडे येतात. पाहुण्यांना ते मोठ्या अभिमानानं सांगतात, "हे मुसलमान असून किती छान मराठी लिहितात." त्या 'असून'वर मी आता काही बोलत नाही. नोटीस मात्र चांगली झाली होती. 'जीवितास अपाय' असे शब्द मी त्यात घातले होते. तरीही रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर मी वायर सोडत राहिलो.

२०२५ च्या जानेवारीत एका संध्याकाळी बायकोला शाळेतून घेऊन येत होतो. चढाच्या मध्यावर गाडीनं दम सोडला. काटा अर्ध्यावर होता, तो एकदम खाली आला. मागून रिक्षांचे भोंगे. बायको उतरली आणि पर्स खांद्याला लावून गाडी ढकलू लागली. पंचावन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखरे, दिवसभर साठ मुलांपुढे उभी राहिलेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमच्या गल्लीत एक तरुण मिस्त्री आहे. इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करतो. त्यानं चारही बॅटऱ्यांवर भार टाकून एकेक मोजली. तीन १२ च्या आसपास टिकल्या, एक नवावर घसरली. मी म्हटलं, "मग एकच बदलू या." तो म्हणाला, "सर, नवी बॅटरी तीन जुन्यांच्या संगतीत वर्षाच्या आत जुनी होते. बदलायच्या तर चारही." नव्या संचाचे तेरा हजार, जुन्यांचे अडीच हजार वजा. लिथियमची घ्यायची झाली तर चांगल्या कंपनीची, तिच्या स्वतःच्या चार्जरसकट, सव्वीस हजार. ज्या कंपनीची गाडी, तिच्या दुकानात जाऊन आलो. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

लिथियमचा मोह मला वजनामुळे पडला. शिशाची एकेक बॅटरी आठ-नऊ किलोंची, चार मिळून पस्तीसेक किलो. लिथियमचा पूर्ण डबा नऊ किलोंचा. कडी धरून वर न्यावा, घरात चार्ज करावा, सकाळी खाली आणावा. वायर नको, नोटिशीचा भंग नको. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं दोन दिवस विचार केला आणि शाळेतल्या शिक्षिकांच्या भिशीचे सव्वीस हजार माझ्या हातात ठेवले. "चांगल्यातली घ्या," म्हणाली.

आता मला न शोभणारा भाग. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं पालथी घातली, लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे चौकशी केली आणि शेवटी एका गल्लीत पोचलो. कुठली ते सांगत नाही. तिथे अकरा हजारांत ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी मिळत होती. निळं वेष्टन, वर कंपनीचं नाव नाही. दुकानदार म्हणाला, "माल तोच आहे चाचा, स्टिकरचे पैसे वाचवा." बिल मागितलं, तर बिलावर १८ टक्के जास्त. हेही मला नवीन होतं. अख्खी विजेची गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के आणि तिची नुसती बॅटरी घेतली तर १८. म्हणजे नवी गाडी घ्या, जुनी जगवू नका. मी बिल घेतलं नाही. चार्जरचं विचारलं. "तुमचा जुना ४८ चाच आहे ना? मग ४८ ला चालणारच. फक्त तीन तासांनी काढा." जुन्या चार बॅटऱ्याही त्यानंच ठेवून घेतल्या, फुकट.

उरलेले पंधरा हजार मी दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या कवितासंग्रहासाठी भरले. आमच्या व्यवहारात कवीला छपाईसाठी काही रक्कम द्यावी लागते, तिला 'सहकार्य' म्हणतात. बायकोला मी सांगितलं की सव्वीस हजारांची बॅटरी आली.

महिनाभर गाडी पाखरासारखी चालली. बायको मागे बसून म्हणाली, "आता कशी तरुण झाली!" काटा मात्र सतत पूर्णवर असायचा आणि मग अचानक पडायचा. मला वाटलं, बॅटरीच एवढी जोरदार. खरं कारण असं की तो काटा शिशाच्या बॅटरीसाठी बसवलेला होता. लिथियमची भाषा त्याला कळतच नव्हती. संध्याकाळी डबा वर आणायचो, दाराजवळच्या पॅसेजमध्ये प्लगला लावायचो आणि तीन तासांनी काढायचो. घर दोन खोल्यांचं. मुलगी आणि नातू आमच्याकडेच असतात. बाहेरच्या खोलीत नातू त्याच्या नानीजवळ झोपतो. त्याचं डोकं पॅसेजच्या बाजूला असतं, कारण तिथून वारा येतो.

मार्च उजाडला, रमझान सुरू झाला. एका रात्री तरावीहची नमाज पढून आलो, डबा लावला आणि तीन तासांनी काढायचा म्हणून आडवा झालो. उठलो तो थेट सहेरीच्या वेळी. सव्वाचार झाले असतील. घरात गोडसर वास येत होता, नखांवरचा रंग पुसायच्या द्रवासारखा. मला वाटलं, मुलीची बाटली कलंडली. पॅसेजमध्ये गेलो. निळ्या डब्याची एक बाजू फुगली होती. हात जवळ नेला तर तव्याशेजारी असतो तसा ताव लागला.

आमच्या घराला दार एकच. ते त्या डब्याच्या पलीकडे.

मी मेन स्विच पाडला. अंधारात बायकोला हाक मारली. तिनं एकदा वास घेतला आणि काहीही न विचारता नातवाला उचललं. एकेक करून आम्ही त्या डब्याला अंग चोरून बाहेर पडलो. आधी नातवाला घेऊन ती, मग मुलगी. मी मागे राहिलो आणि मूर्खपणा केला. गोधडीत गुंडाळून तो डबा उचलला आणि दोन मजले उतरून कंपाउंडच्या भिंतीपाशी मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. मिस्त्रीनं नंतर मला यावरून फार सुनावलं. हातात पेटला असता तर? माणसं बाहेर काढायची, शेजाऱ्यांना उठवायचं, अग्निशमन दलाला फोन करायचा, बॅटरीला हात लावायचा नाही, हा क्रम त्यानं मला पाढ्यासारखा म्हणायला लावला.

डबा पेटला नाही. आम्ही लांब जिन्याच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. वॉचमन आला आणि तोही बसला. वर जायची हिंमत नव्हती. शेजारणीनं खजूर आणि पाणी आणून दिलं, तीच आमची त्या दिवसाची सहेरी. अजान झाली. नातू मुलीच्या मांडीवर झोपला होता. तेव्हा बायकोनं विचारलं, "कितीला आणली होती?"

मी सांगितलं. पंधरा हजारांचंही सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वसईचं आठवतं?" आठवत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत पहाटेच्या वेळी घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला होता. आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. ती बातमी मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती. माझ्या उच्चाराचं ती नेहमी कौतुक करते.

सकाळी मिस्त्रीला बोलावलं. आधी त्यानं डबा दिवसभर वाळूत तसाच राहू दिला. मग बल्ब जोडून दोन दिवस त्यातली वीज सावकाश उतरवली आणि तिसऱ्या दिवशी उघडला. आत पेन्सिल सेलसारखेच, जरा जाड सेल, पण रंग तीन प्रकारचे: काही हिरवे, काही गुलाबी, काही खरवडलेले. जुन्या लॅपटॉपमधून, जुन्या बॅटऱ्यांतून काढून जुळवलेले. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी एक छोटी पट्टी असते, तिला बीएमएस म्हणतात. एखादी रांग भरली किंवा तापली की ती वीज तोडते. या डब्यात पट्टी होती, पण तिच्या काही तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. पहारेकरी आहे, पण डोळे बांधून.

मग त्यानं मला आकडे समजावले, आणि श्रोतेहो, आयुष्यात पहिल्यांदा गणित मला कवितेसारखं कळलं. शिशाची ४८ आणि लिथियमची ४८, नाव एकच. पण शिशाच्या चार बॅटऱ्या भरताना चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियमच्या डब्यात तेरा रांगा असतात आणि प्रत्येक रांग फार तर ४.२ व्होल्ट सोसते. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. तिथे थांबायला हवं. माझा जुना चार्जर थांबत नव्हता. तो प्रत्येक रांगेला साडेचारकडे रेटत होता. त्यात सेल एकाच वयाचे नाहीत. कमजोर सेल आधी भरतो आणि उरलेले भरेपर्यंत त्याच्यात ओतणं चालूच राहतं. महिनाभर मी तीन तासांनी प्लग काढत होतो म्हणून निभावलं. शब्द एकच आणि अर्थ दोन, याला आम्ही श्लेष म्हणतो आणि त्यावर टाळ्या घेतो.

लिथियमला मी दोष देणार नाही, मिस्त्रीही देत नाही. १९९१ साली सोनी कंपनीनं ही बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून आपल्या खिशात, मांडीवर, कानात तीच आहे. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या शोधासाठी तिघांना विभागून मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळालेला एवढा वयस्क माणूस दुसरा नाही. आडनावाचा अर्थ बघा, 'भागण्यापुरतं चांगलं'. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या तेव्हा सरकारनं बॅटऱ्यांचे नियम कडक केले. ते त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून आणि मग २०२३ च्या मार्चअखेरपासून, अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेल कसे असावेत, पट्टीनं काय काय तोडावं, एका सेलची आग दुसऱ्याला कशी लागू नये, हे सगळं त्यात आहे. पण ते कारखान्यातून गाडीबरोबर निघणाऱ्या बॅटरीसाठी. गल्लीत टेबलावर जोडलेल्या निळ्या डब्याकडे बघणार कोण? २०२२ च्याच ऑगस्टमध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले. त्यांत जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. माझ्या डब्यावर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं आणि माझ्याकडे बिल नव्हतं. भंगारवाल्यानं लांबूनच हात जोडले. शिशाला तो किलोनं पैसे देतो, याला नाही. शेवटी मिस्त्रीनंच तो ई-कचऱ्याच्या एका केंद्रावर नेऊन दिला.

प्रश्न उरला गाडीचा. मी सव्वीस हजारांच्या बॅटरीचं नाव काढलं तेव्हा बायको म्हणाली, "शिशाची घ्या." मी म्हटलं, "अगं, पस्तीस किलो. वर कशी आणणार?" ती म्हणाली, "तेच तर. वर येणार नाही." चार्जर आहे तो चालेल, काटा खरं बोलेल, पैसे अर्ध्यावर येतील, ही मिस्त्रीची कारणं. तिचं कारण एकच होतं. जे इतके दिवस मी त्या बॅटरीचं वैगुण्य समजत होतो तेच तिला हवं होतं. शिशाची बॅटरीही साधीभोळी नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून तिला मोकळी हवा लागते. पण मोकळी हवा खालीच असते.

पैशासाठी मी 'सहकार्य' परत मागायला गेलो. अक्षरजुळणी झाली होती म्हणून दोन हजार कापून तेरा मिळाले. अगदी तेरा. या वेळी मोडीत द्यायला जुन्या बॅटऱ्या नव्हत्या, त्यामुळे अडीच हजारांची सूटही गेली.

खाली प्लग हवा म्हणून सोसायटीकडे अर्ज केला. सभेत दोन तास चर्चा झाली. वीज कुणाची, बिल कुणाचं, शेजारी पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात त्यांचं काय? एका सद्गृहस्थांनी माझीच जुनी नोटीस वाचून दाखवली. 'जीवितास अपाय' वर ते जरा थांबलेसुद्धा. मी उभा राहिलो आणि त्या पहाटेची हकीकत सांगितली, दाराची आणि डब्याची. नंतर फारसं कुणी बोललं नाही. पेट्रोलच्या गाड्यांपासून दूर, कंपाउंडच्या कडेला, पत्र्याखाली एक बोर्ड बसवायचं ठरलं. त्यावर स्वतंत्र एमसीबी आणि सब-मीटर, खर्च वापरणाऱ्यांचा. ठराव मीच लिहिला. तो फार साधा झाला आहे. आता तिथे आणखी दोघांच्या गाड्या लागतात. त्यांतला एक पावाच्या लाद्या पोचवणारा मुलगा आहे. तो पूर्वी आपली बॅटरी घरात पलंगाखाली ठेवून चार्ज करायचा.

नव्या संचाची गाडी जड आहे. चढावर हळू चालते, बायको मागून कधी कधी विचारते, "उतरू का?" एकदा पूर्ण भरायला पावणेदोन युनिट लागतात. सब-मीटरचा आकडा रोज सकाळी बायको शाळेत जाताना बघते आणि लिहून ठेवते. त्यासाठी तिनं माझी एक वही घेतली आहे. त्या वहीत पुढच्या बाजूनं संग्रहातल्या कविता आहेत, मागच्या बाजूनं तिचे आकडे. मधली कोरी पानं आता नऊ-दहाच उरली आहेत. मी दुसरी वही आणून दिली, तर म्हणाली, "ही भरू दे आधी."